वारीसाठी देहाचा नेम
(चाळिशी उलटलेल्या वारकऱ्यांसाठी)



वारी पायांनी होते. ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो, की पायांचा विचार करायचाच राहून जातो. आषाढी जवळ आली की पताका, टाळ, पडशी सारे आठवणीने काढतो. गुडघ्याची आठवण मात्र घाट लागल्यावर होते.

माझीच गोष्ट सांगतो. मी वैनगंगेकाठचा, गोसीखुर्दच्या बाजूचा, धान पिकविणारा माणूस. वयाच्या बावन्नाव्या वर्षी प्रथमच माऊलींच्या पालखीबरोबर निघालो. भंडारा रोड स्टेशनवर गाडीत बसताना मनात एकच होते : जन्मभर बांधीत राबलेला हा देह, याला चालण्याचे काय भय? पण पुण्याहून सासवडची मजल लांबलचक, आणि त्यात दिवे घाट. घाट चढता चढता मांड्या थरथरू लागल्या, गुडघा सुजला, आणि पुढचे दोन मुक्काम सामानाच्या ट्रकात बसून काढावे लागले. आमच्याच दिंडीतल्या सत्तरीच्या एक आजी डोक्यावर तुळस घेऊन चालत होत्या. त्यांना विचारले तेव्हा म्हणाल्या, "बापू, मी त चैतापासून रोज चालतो. तुमी कामालेच व्यायाम समजले."

आजींच्या या बोलण्यात सारे सार आहे. कष्ट निराळे आणि व्यायाम निराळा.

कष्ट आणि व्यायाम यांत भेद काय?

रोवणीच्या दिवसांत माणूस सकाळपासून वाकलेला असतो. कंबर एकाच बाजूला ताणली जाते. छाती मोकळी होत नाही, खांदे मागे जात नाहीत. पुढे कापणी, मळणी. आणि मग ज्याला दुसरे पीक नाही, त्याचे कितीतरी दिवस पारावर जातात. कष्ट पिकाच्या सोयीने होतात, देहाच्या सोयीने नव्हे. व्यायाम थोडा असतो, पण रोजचा असतो, आणि सर्वांगाला पोचतो.

शिवाय ते कष्टही आता पूर्वीचे राहिले नाहीत. २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे पाणी अडले, गावे उठली, माणसे नव्या वसाहतींत गेली. ज्याची जमीन गेली, त्याचे शेताकडे चालत जाणेही गेले. ज्याची राहिली, त्याच्या बांधीत ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आले. यंत्राला दोष देत नाही. कंबर वाचली हे बरेच झाले. पण देहाचे जे चलनवलन आपोआप घडत होते, ते आता जाणून करावे लागेल, एवढेच सांगणे.

वयाबरोबर काय घडते?

तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचे बळ हळूहळू ओसरते, आणि साठीनंतर ते अधिक वेगाने जाते. पाळी गेल्यावर बायांची हाडे लवकर ठिसूळ होतात. तोल सुटतो, माणूस पडतो, खुबा मोडतो, आणि चालते घर अंथरुणाला खिळते. गुडघा दुखतो म्हणून बसून राहावे, तर मांडी दुबळी होते. मांडी दुबळी झाली की सारा भार गुडघ्यावर येतो आणि तो अधिकच दुखतो. हे चक्र बसून तुटत नाही. बेताच्या हालचालीने तुटते.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा नेम स्वतः उतारवयापर्यंत सांभाळला आणि संस्थानातल्या शाळांतही तो लावला. राजाला जे जमले, ते आपल्या अंगणात का जमू नये? त्याला पैसा लागत नाही.

नेम कसा धरावा?

१. चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे : आठवड्यात निदान १५० मिनिटे बऱ्यापैकी जोराने चालावे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. जोर किती, याची खूण सोपी आहे. चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण अभंगाची चाल ओढता येऊ नये.

२. बळ. आठवड्यातून दोन दिवस तरी. खुर्चीवरून किंवा खाटेवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे. भिंतीला हात लावून टाचा उचलाव्या. झेपतील तर सूर्यनमस्कार, सावकाश.

३. तोल. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा आकडे मोजावे, मग दुसऱ्या पायावर. पासष्टी ओलांडलेल्यांनी हे आठवड्यात तीनदा करावे. आपली पावली तरी दुसरे काय आहे? पुढे, मागे, पायावर भार बदलत, ठेक्यात. भजनात मागे बसून राहणाऱ्यांनी पावलीला उभे राहावे.

४. वारीची तयारी. गुढीपाडव्यापासून आरंभ करावा. पहिल्या आठवड्यात जेवढे सहज झेपेल तेवढेच. पुढे दर आठवड्याला थोडे वाढवावे. आपल्याकडचा वैशाख तापतो, म्हणून उजाडण्यापूर्वी निघावे, पाणी जवळ असावे. वारीत घालायची पायताणे आधीच वापरून मऊ करावी. नवी पायताणे फोड आणतात.

सावधपण

छातीत दुखले, घाम फुटून अंधारी आली, श्वास पुरेना, तर तेथेच थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. "पांडुरंग पाहील" म्हणून ओढत नेऊ नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आरंभीच विचारून घ्यावे. साखरेचा विकार असणाऱ्यांनी रोज रात्री तळपाय पाहावे. बधिर पायाला जखम कळत नाही.

असो. दुसऱ्या खेपेला मी चैत्रापासून चाललो. दिवे घाट चढताना दम लागला, पण ट्रककडे पाहावे लागले नाही. आजी पुढे होत्या. त्या मागे वळून हसल्या. देह काही आपल्या मालकीचा नव्हे, हे आपण कीर्तनात ऐकतोच. पण दुसऱ्याची वस्तू तर अधिकच जपून वापरावी लागते. उद्या पहाटे अंगणाबाहेर पाऊल टाकावे, एवढीच विनंती.