सिप्पीघाटला उतर

चि. मीनल,


तुझं पत्र मिळालं. सेल्युलर जेल झाला, रॉस बेट झालं, राधानगरचा किनाराही दोनदा झाला आणि आता रविवार अंगावर येतो, असं लिहिलं आहेस. बेटावर असं होतं, बाळ. चारी बाजूंना पाणी आणि डिसेंबरात पाच वाजले की काळोख. घड्याळ साऱ्या देशाचं एकच, पण सूर्य तुझ्याकडे रत्नागिरीपेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि तसाच लवकर बुडतो. म्हणून आधी एवढं कर: संध्याकाळचा नाद सोड आणि पहाटेची माणूस हो.

वंडूरच्या रस्त्याने तुझी बस जाते. वाटेत सिप्पीघाट लागतं. रस्त्याच्या कडेला मचूळ पाणी, त्यात लव्हाळं, कुठे माडांची वठलेली खोडं. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, कारण थांबावं असं काही दिसतच नाही. तू थांब. एका रविवारी उतर आणि तास-दोन तास तिथेच राहा.

उतरण्याआधी तिथे काय घडलं ते मात्र जाणून घे. 26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळ भूकंप झाला, त्सुनामी आली, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. पण लाट ओसरल्यावरही काही ठिकाणचं पाणी परत गेलं नाही. दक्षिण अंदमानची जमीनच सुमारे मीटरभर खचली होती. उत्तर अंदमानचा काही भाग वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडून मेले. इकडे सिप्पीघाटला भरतीचं पाणी शेतांत शिरलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. तुला आज जे तळं दिसतं ती कुणाची तरी भाताची खाचरं होती. नोकरीनिमित्त मी तिकडे होतो तेव्हा एक वृद्ध शेतकरी मला पाण्याकडे बोट करून आपले बांध दाखवायचे. मला तिथे काहीच दिसत नसे, त्यांना सगळं दिसे. तूही कुणा वडीलधाऱ्याला विचार. ती जागा सुंदर आहे असं म्हणण्याचा अधिकार, माझ्या मते, हे ऐकल्यावरच मिळतो.

मग पक्षी बघ. बगळे तर आहेतच, पण डोळ्याभोवती पांढरं कडं असलेलं एक तपकिरी बदक शोध. ती अंदमानी बदकं जगात जवळपास दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत आणि ती या बुडालेल्या शेतांत येऊन राहतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले चिखलपक्षीही असतात. ओहोटीला चिखलात निवट्या उड्या मारतात. आपल्या खाजणातल्या निवट्या लहानपणी तू तासन्‌तास बघायचीस, तेव्हा त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. पाण्यात पाय मात्र घालू नकोस. तिकडच्या खाड्यांत मोठ्या मगरी असतात. गावकरी सांगतील तेवढंच पुढे जा.

आणि एकदा जाऊन भागायचं नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे दर रविवारी त्याच वेळी गेलीस तरी जागा निराळी भेटेल. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लव्हाळ्याच्या वर चढेल, अष्टमीच्या भांगाला जेमतेम हलेल. एक वही ठेव. तारीख, तिथी, पाणी कुठवर होतं, कोणते पक्षी होते, एवढंच लिही. फोटो कमी काढ. फोटो काढला की बघून झालं असं वाटतं आणि पाय परत फिरतात. राधानगरला तुझं तेच झालं असावं. तो किनारा पहिल्या भेटीतच सगळं देऊन टाकतो. सिप्पीघाट तसं करत नाही, आणि जिला तिथे काही वर्षं काढायची आहेत तिला असलीच जागा हवी.

भरती-ओहोटीचं कोष्टक बंदरावर चौकशी केलीस तर मिळेल. पुढच्या पत्रात ते बदक दिसलं का ते लिही. आई काळजी करते, तिला रविवारी निघण्याआधी फोन करत जा. मामी पुढच्या आठवड्यात कोकमाचं पार्सल टाकते आहे.

तुझा,
मामा