वृद्धांच्या ताटातील ताजी भाजी

उतारवयात अन्न कमी जाते. परंतु जीवनसत्त्वे व क्षार यांची शरीराची गरज त्या मानाने घटत नाही. तुटपुंज्या उत्पन्नाच्या घरात मात्र औषधांचे व भाड्याचे पैसे प्रथम बाजूला निघतात आणि काटकसरीस आरंभ होतो तो ताज्या भाजीपासून. या प्रश्नावर अमेरिकेत योजण्यात आलेला उपाय अभ्यासण्याजोगा आहे.

तेथील केंद्रीय कृषी खात्याने २००१ मध्ये ज्येष्ठांसाठी शेतकरी-बाजार पोषण कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. २००२ च्या कृषी कायद्याने त्यास स्थायी रूप दिले. ६० वर्षे पूर्ण झालेल्या व दारिद्र्यमर्यादेच्या १८५ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तींना हंगामापुरती कुपने मिळतात. त्यांवर स्थानिक ताजी फळे, भाज्या, स्वयंपाकातील ताजा सुगंधी पाला आणि मध एवढेच घेता येते; सुकविलेली फळे किंवा तळलेले पदार्थ नाहीत. कुपने अधिकृत शेतकऱ्याकडेच चालत असल्याने वृद्धाला मिळालेले साहाय्य अखेर परिसरातील उत्पादकाच्या हाती पोहोचते. रोख रकमेऐवजी कुपन देण्यामागील हेतू यातून स्पष्ट होतो.

शेतकऱ्याने इतर गिऱ्हाइकांपेक्षा अधिक दर आकारू नये व कुपनावर सुटे पैसे परत देऊ नयेत, असे नियम आहेत. पहिला निःसंशय रास्त आहे. दुसऱ्याने गैरवापर टळतो खरा. पण एकट्या राहणाऱ्या आजीबाईंना कुपनाची किंमत भरून काढण्यासाठी दोन दिवसांत संपणार नाही एवढी भाजी घ्यावी लागते, अन्यथा उरलेल्या किमतीवर पाणी सोडावे लागते. म्हणून कुपने लहान रकमेची असणे महत्त्वाचे ठरते. त्याहून मोठी अडचण अंतराची. गुडघे साथ देत नसतील तर हातातील कुपनाचा उपयोग काय? यासाठी लाभार्थीने नेमलेल्या प्रतिनिधीस त्याच्या वतीने खरेदी करण्याची मुभा आहे. ही तरतूद या योजनेचे मर्म म्हणावी लागेल.

महाराष्ट्रात वृद्धांना निवृत्तिवेतन व शिधापत्रिकेवर धान्य मिळते. भाजी मात्र बाजारातूनच आणावी लागते. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाल्यानंतर शहरांतून शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. खेड्यांत आठवडी बाजाराची जागा व कर ग्रामपंचायतीच्याच अखत्यारीत असतात. बसण्यास बाकडे, प्रवेशाजवळ भाजीचे गाळे, पावशेराने विक्री आणि अंथरुणास खिळलेल्यांची पिशवी आणून देणारा एखादा विद्यार्थी, एवढ्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पिशवीबरोबर दरांची चिठ्ठी देण्यात आली, तर हिशेबाबद्दल शंकाही उरत नाही.