जाड रॉड घेतला की झालं?

खोल समुद्रात धावत्या बोटीमागे आमिष ओढत कुपा, मोठी सुरमई पकडतात, त्याला ट्रोलिंग म्हणतात. मुलाच्या हट्टाखातर तसा रॉड घ्यायला निघाला असाल, तर जरा थांबा. रॉड-रिळावर 30, 50, 80, 130 पौंड असे आकडे असतात. ते माशाच्या वजनाचे नव्हेत, दोरीच्या ताकदीचे! रॉड, रीळ, दोरी एकाच आकड्याचे घ्यायचे.

पण खरी गंमत रिळात आहे, आणि ती वर्गात सांगण्याजोगी आहे. 50 पौंडी दोरी साधारण 22.5 किलोच्या ओढीला तुटते. म्हणून रिळाचा ब्रेक ताणकाटा लावून तिच्या एक-तृतीयांशावर, 7.5 किलोवर, बसवतात. मासा दोरी घेऊन पळतो तशी गुंडाळीची त्रिज्या घटते. ब्रेकचं परिबल मात्र तेवढंच. त्रिज्या निम्मी झाली की ओढ दुप्पट, 15 किलो! शिवाय पाण्यातल्या लांब दोरीला होणारा विरोध वेगळाच. अशा वेळी घाबरून ब्रेक आणखी आवळला की दोरी गेलीच. मोठ्या रिळात दोरी भरपूर मावते, त्रिज्या हळू घटते. जड रीळ घ्यायचं ते यासाठी.

मुलांना शिवणाच्या दोऱ्याचं भरलेलं आणि अर्धं रीळ देऊन ओढ मोजायला लावा. अक्षावरचा दाब दोन्हीकडे सारखाच हवा, तिथेच मुलं चुकतात.