लागणे : शब्द एक, कामे अनेक

मंडळी, तुम्ही आता अक्षरे ओळखता. जोडाक्षरेही वाचता. आज एक पाऊल पुढे टाकू. आज एकच शब्द घेऊ. तो तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. तो शब्द म्हणजे ‘लागणे’.

सकाळपासून रात्रीपर्यंत हा शब्द किती वेळा तोंडी येतो, ते पाहा. भूक लागली. ठेच लागली. दूध खाली लागले. रोहिणी लागल्या. पोराला नोकरी लागली. पोरीचे लग्न लागले. शाळेचा निकाल लागला. दमलेल्या माणसाचा डोळा लागला.

शब्द एकच. पण ठेच लागली की रक्त येते, आणि नोकरी लागली की पेढे वाटतात. मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता?

१. मुळातला अर्थ

संस्कृतात ‘लग्’ असा धातू आहे. त्याचा अर्थ चिकटणे, जोडले जाणे. एक वस्तू दुसरीला टेकली की लागली. दगड पायाला टेकला, ठेच लागली. दूध भांड्याच्या बुडाला चिकटले, दूध लागले. रोपाने मातीत मूळ धरले, रोप लागले. माझे शेत तुमच्या शेताला लागून आहे, म्हणजे बांधाला बांध टेकला आहे. माणूसही माणसाला नात्याने जोडलेला असतो. म्हणून आपण विचारतो, “ते तुमचे कोण लागतात?”

‘लग्न’ हा शब्दही याच धातूचा. एखादी रास क्षितिजाला टेकते, त्या वेळेला ज्योतिषी ‘लग्न’ म्हणतात. तशा मुहूर्तावर होणाऱ्या विवाहालाही पुढे लोक लग्नच म्हणू लागले.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीही अशाच लागतात. लेकराचा लळा लागतो. काळजी लागते. दारूचा नाद लागतो. आणि तो नाद लागला की घराची वाट लागते. येथे ‘वाट’ म्हणजे रस्ता नव्हे, नाश. पण ‘तो वाटेला लागला’ म्हणजे तो चालू लागला. शब्द तेच, पण जोडणी बदलली की अर्थ बदलतो.

२. शेजारचा शब्द पाहा

‘पाणी लागले’ म्हणजे काय? बोअर घेताना ओरड झाली, “पाणी लागलं!” तर आनंद. पण परगावी गेलेला माणूस आजारी पडला आणि लोक म्हणाले, “त्याला तिथलं पाणी लागलं”, तर काळजी.

‘गाडी लागली’ म्हणजे काय? लातूरच्या स्टँडवर कोणी म्हणाले, “नांदेडची गाडी लागली”, तर पिशवी उचला आणि चला. गाडी फलाटावर उभी आहे. पण एखादी बाई म्हणाली, “मला गाडी लागते”, तर तिला खिडकीजवळ जागा द्या. तिला मळमळते आहे.

आता पुढच्या ओळी सावकाश वाचा.

२०१६ चा उन्हाळा होता. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण आटले. बोअर खोल नेले, तरी पाणी लागेना. नळावर घागरींच्या रांगा लागल्या. लोकांचे डोळे रेल्वेकडे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातूरच्या स्टेशनात लागली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते.

येथे ‘लागणे’ चार वेळा आले. चारही वेळा अर्थ निराळा आहे. तरी तुमचे कुठे अडले नाही. कारण पाणी, रांगा, डोळे, गाडी हे शेजारचे शब्द तुम्ही वाचलेत. शेजारी पाहून माणूस कळतो, तसा शब्दही कळतो.

३. आधीच्या शब्दाचा शेवट पाहा

ही दोन वाक्ये वाचा.

तो पैसे देऊ लागला.
त्याला पैसे द्यावे लागले.

पहिल्या वाक्यात ‘देऊ’ आहे. त्याचा अर्थ, त्याने द्यायला सुरुवात केली. दुसऱ्यात ‘द्यावे’ आहे. त्याचा अर्थ, देण्यावाचून इलाज नव्हता. पहिल्यात ‘तो’ आहे, दुसऱ्यात ‘त्याला’ आहे. ‘रडू लागली’ आणि ‘रडावे लागले’, ‘जाऊ लागले’ आणि ‘जावे लागले’, यांतही हाच फरक आहे. एक सुरुवात, दुसरी सक्ती.

आपल्या लातूर-नांदेडकडच्या बोलीत हे ‘लागला’ बोलता बोलता आखूड होते. आपण म्हणतो, “पाऊस पडूलालाय.” “तू काय करूलालास?” पुस्तकात ते ‘पडत आहे’, ‘करत आहेस’ असे लिहितात. बोली चुकीची नव्हे. बोलायची रीत एक, लिहायची रीत दुसरी. दोन्ही आपल्याच.

४. कागदावरचे ‘लागणे’

कागदावर आणि कचेरीत हा शब्द जपून वाचावा. ‘व्याज लागेल’ असे असेल, तर विचारा : किती, आणि कधीपासून? ‘दंड लागेल’ असे असेल, तर विचारा : कशाबद्दल? ‘सही लागते’ असे कोणी म्हणाले, तर विचारा : कशाला?

मामा आणि भाचीचे हे बोलणे वाचा. भाचीचे वडील वारले आहेत.

भाची : मामा, दादा म्हणूलालाय, तुझी सही लागती.
मामा : कशाला लागती?
भाची : बाबाच्या जमिनीवर नाव लावायला.
मामा : कुणाचं नाव?
भाची : ते काही मी इचारलं नाही.
मामा : कागद आणलास नव्हं? तुला आता वाचता येतंय. वाच की.
भाची : (बोट ठेवून वाचते) “माझा हक्क व हिस्सा मी राजीखुशीने सोडून देत आहे.” अगं बाई! मामा, हे माझं नाव लावायचं नाही. हे नाव काढायचं हाय!
मामा : सोडायचा असंल तर सोड. हक्क तुझा, मर्जी तुझी. पण सही आधी आन् वाचणं मागून, असं करू नको.
भाची : आधी दादासंगं बसून बोलते. सहीचं मग बघू.

दादाचे बोलणे अर्धे होते. सही लागत होती हे खरे. पण कशाला लागते, ते कागदात होते.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. २००५ साली त्यात दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित जमिनीतही लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला. वारस म्हणून नाव लावायला हक्कसोड पत्र लागत नाही.

नाव कसे लागते, तेही समजून घ्या. माणूस वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याला, म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवावे. ते फेरफाराची नोंद घेतात आणि नोटीस देतात. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर सातबाऱ्यावर नाव येते. अर्ज दिला म्हणजे नाव लागले, असे नव्हे. सातबारा काढावा, आपले नाव स्वतः वाचावे, मगच म्हणावे, “नाव लागलं.”

ध्यानात ठेवा

शेजारचा शब्द पाहा. आधीच्या शब्दाचा शेवट पाहा. आणि कागद असेल, तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

अभ्यास

१. ‘डोळा लागला’ आणि ‘वाटेकडे डोळे लागले’ यांत झोप कोणाला आली?
२. ‘ती लिहू लागली’ आणि ‘तिला लिहावे लागले’ यांतील फरक सांगा.
३. आज घरात ‘लागणे’ हा शब्द ज्या ज्या वाक्यांत ऐकाल, त्यांतली पाच वाक्ये वहीत लिहा.
४. घरातला सातबारा काढा. त्यावर कोणाकोणाची नावे लागली आहेत, ती मोठ्याने वाचा. कोणाचे राहिले असेल, तर घरात विचारा.