नभोवाणी आणि ग्रामीण श्रोता

वक्त्याची थोरवी सर्वांस ठाऊक असते. परंतु श्रोत्याकडेही काही काम असते, याची आठवण फार थोड्यांस राहते. नभोवाणीच्या इतिहासात या श्रोत्याची रीतसर परीक्षा एकदा पुणे जिल्ह्याने पाहिली. जुन्नर व आंबेगाव हे याच जिल्ह्याचे उत्तरेकडील तालुके असल्याने ती हकीगत आपण अवश्य जाणून घ्यावी.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुण्यास स्वतःचे केंद्र मिळण्यास मात्र २ ऑक्टोबर १९५३ हा दिवस उजाडावा लागला. हे केंद्र मध्यम लहरींवर बोलू लागले. ध्वनीच्या चढउताराप्रमाणे विद्युत्‌लहरीची उंची कमी-अधिक करून तो ध्वनी दूर धाडावयाचा, या पद्धतीस 'ए. एम.' असे म्हणतात. पुणे केंद्राची म्हणून पुढे श्रोत्यांच्या परिचयाची झालेली कंपनसंख्या ७९२ किलोहर्ट्‌झ. प्रकाशाच्या वेगास तिने भागिले असता लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर येते. एवढी लांब लहर भूपृष्ठास धरून चालते आणि टेकडीच्या आडोशासही वळून पोहोचते. म्हणूनच पुण्याहून सुमारे ९० किलोमीटर दूर, डोंगरांच्या कुशीत वसलेल्या जुन्नरसारख्या ठिकाणीही अशा केंद्राचा शब्द जाऊ शकतो. रात्री तर वातावरणाच्या उंच थरांवरून परावर्तन पावून मध्यम लहरी शेकडो किलोमीटरांचा पल्ला गाठतात.

लहर पोहोचली; पण विचार पोहोचला काय? खरा प्रश्न हाच होय.

१ एप्रिल १९५५ पासून वर्षभर या केंद्राने ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' ऐकविले. त्या छप्पन गीतांनी पुणे केंद्राचे नाव घरोघरी नेले, हे सर्वश्रुत आहे. त्याच मालिकेचे अखेरचे महिने चालू असता केंद्राने दुसरेही एक कार्य हाती घेतले. त्याची कीर्ती तितकी झाली नाही. परंतु त्याचे मोल थोडे नाही.

कॅनडा देशात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालत असत. शेजारी एकत्र जमत, कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. हा प्रयोग भारतात करून पाहावा, म्हणून युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या अवधीत त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे १५० गावी अशी मंडळे उभी केली. आठवड्यातून दोन वेळा, अर्धा अर्धा तास, असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, साक्षरता असे त्यांचे विषय होते. कार्यक्रम संपताच संच बंद करावयाचा, ऐकलेल्या गोष्टीचा आपल्या गावास काय उपयोग याचा खल करावयाचा आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवावयाच्या, असा परिपाठ होता. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. अशा रीतीने, एरवी एकाच दिशेने वाहणारी वाणी येथे उलट दिशेनेही वाहू लागली.

या प्रयोगाची परीक्षा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आली होती. तिचे काम प्राध्यापक पॉल न्यूरथ यांनी पाहिले. त्यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली. मंडळे नसलेल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. कार्यक्रमांपूर्वी व नंतर तेच प्रश्न विचारून पाहता असे आढळले की, मंडळांच्या गावी लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले. मंडळाविना असलेल्या गावी ही वाढ नाममात्र होती. तात्पर्य, नुसता संच ठेविल्याने गाव शहाणा होत नाही; ऐकणाऱ्यांनी एकत्र बसून ऐकलेल्याचे मनन करावे लागते. १९५९ मध्ये ही योजना देशभर विस्तारण्यात आली.

ऐकणे हे केवढे मोठे कार्य असू शकते, याचे दुसरे उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बीण २००१ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्या अंतराळातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपतात. ही दुर्बीण स्वतः काहीच प्रक्षेपित करीत नाही. भोवतालच्या यंत्रांचा विद्युत्‌कोलाहल जितका कमी, तितके तिचे ऐकणे स्पष्ट. आणि येथे तो कमी असणे, हे स्थान निवडण्याचे एक प्रमुख कारण होते. परंतु तिचेही काम ऐकण्याने पुरे होत नाही. तीसही तबकड्यांनी टिपलेले एकत्र आणून त्याचा मेळ घालावा, तेव्हाच आकाशाचे चित्र उमटते. १९५६ मधील त्या मंडळांत वीस डोक्यांनी हेच केले होते.

आज शब्द आपणांकडे नाना वाटांनी आणि अखंड येत असतात. त्यांचा तुटवडा कोणासच नाही. तुटवडा आहे तो ऐकून झाल्यावर थांबण्याचा, शेजाऱ्यास विचारण्याचा आणि बोलणाऱ्यास उलट प्रश्न करण्याचा. मित्रहो, वर्गातील पाठ असो, सभेतील भाषण असो वा यंत्रातून आलेली वार्ता असो, ती कानांवर पडल्याने आपले अर्धेच काम झालेले असते. उरलेले अर्धे आपण चौघांत बसून करावयाचे असते.