नाटक वाचून झाल्यावर मुलांना काय लिहायला द्यावे? ('डाकघर' आणि सहावीचा वर्ग)



वर्गात नाटक वाचून झालं की फळ्यावरचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. 'अमक्या पात्राचे स्वभावचित्र रेखाटा.' मग वह्या गोळा होतात आणि निम्म्या वह्यांत तेच 'प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक'. मुलाने नाटक वाचलं की गाईड, हे त्यावरून कळत नाही. म्हणून सहावीला रवींद्रनाथ ठाकूरांचं 'डाकघर' वाचून दाखवल्यावर मी निबंधाशेजारी आणखी काही पर्याय ठेवले.

ज्यांनी हे नाटक वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ बंगाली नाटक १९१२ साली प्रसिद्ध झालं. अमल नावाचा आजारी मुलगा. त्याला सांभाळणाऱ्या माधवला वैद्याने बजावलंय, पोराला बाहेरचा वारा लागू द्यायचा नाही. अमल खिडकीशी बसून रस्त्याने जाणाऱ्यांशी बोलतो. दहीवाला, घंटा वाजवणारा पहारेकरी, फुलं वेचायला निघालेली सुधा. समोर राजाचं डाकघर उघडलंय, तेव्हा आपल्यालाही राजाचं पत्र येईल अशी त्याला आशा. गावचा मुखिया थट्टेने एक कोरा कागद देतो आणि म्हणतो, घे, हे राजाचं पत्र! शेवटी राजवैद्य येतो, सगळी दारं-खिडक्या उघडायला लावतो, आणि अमल झोपतो.

मुलांना दिलेले पर्याय असे:

निबंध – माधवचा अमलवर जीव आहे, मग अमलला त्या घरात कोंडल्यासारखं का वाटतं?
पत्र – त्या कोऱ्या कागदावर राजाने काय लिहिलं असतं?
दहीवाला – त्या दिवशी घरी जाऊन त्याने बायकोला काय सांगितलं असेल?
सुधा – दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तर?
रंगमंचाचा आराखडा – खाट, खिडकी, दार, रस्ता कुठे ठेवाल?

अट एकच, आणि सगळा खेळ त्या अटीवर आहे. कोणताही पर्याय घ्या, सोबत पाच-सहा ओळींची 'कारण-चिठ्ठी' जोडायची. मी असं का लिहिलं (किंवा काढलं), ते नाटकातल्या कोणत्या प्रसंगावरून? चिठ्ठी नसेल तर काम अपुरं. ही अट नसती तर अर्ध्या वर्गाने खिडकी आणि गुलाबाची फुलं रंगवून दिली असती, हे प्राथमिकच्या शिक्षकांना सांगायला नको!

आराखड्याचंच बघा. सोपं काम म्हणून बऱ्याच जणांनी तो घेतला. एका गटाने खाट मागच्या भिंतीला लावली आणि खिडकी पुढच्या कोपऱ्यात. म्हटलं, करून दाखवा. बाकांची खाट केली, एक जण अमल होऊन बसला, दुसरा दही विकत निघाला. अमलला दहीवाला दिसेचना. मग त्यांनी पुन्हा नाटक उघडलं आणि अमल कुठून कोणाला पाहतो ते शोधत बसले. स्वभावचित्राच्या प्रश्नाने इतक्या वेळा पान उलटायला लावलं नसतं.

आता एका मुलाच्या पत्राविषयी. आई-वडील ऊसतोडीला, हा गावी आजीजवळ. वहीत एरवी तीन ओळींच्या पुढे जात नाही. त्याच्या पत्रात राजाने अमलची डाकवाला म्हणून नेमणूक केली होती, आणि खाली वाटपाचा रस्ता दिला होता. पहिलं पत्र पांचमुडा डोंगराच्या पायथ्याला, दहीवाल्याच्या गावी. दुसरं सुधाच्या घरी. तिसरं कारखान्यावरच्या कोप्यांमध्ये, 'कारण तिथे पत्र येत नाही'. चिठ्ठीत लिहिलं होतं की अमलने स्वतःच म्हटलंय, राजाकडे मी डाकवाल्याचं काम मागेन. हे खरंच नाटकात आहे. आमच्यापैकी एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली, कोप्या कुठून आल्या नाटकात? हरकत रास्त आहे. पण पहिले दोन पत्ते नाटकातले, नेमणूक नाटकातली, आणि ज्याला बाहेर जाता येत नाही तो पत्राची वाट का बघतो, हे या पोराला कळलंय. मी पूर्ण गुण दिले.

म्हणून निबंध मोडीत काढावा असं मात्र मला वाटत नाही. एका मुलीने हट्टाने निबंधच घेतला. अमल घरात येण्याआधी माधव नुसते पैसे साठवायचा, आता पोरासाठी कमावतो, म्हणून त्याला गमवायची भीती जास्त, असा मुद्दा तिने काढला. तो पत्रात बसला नसता. काही मुलांना सरळ विचार मांडायलाच आवडतं, त्यांना ओढून 'सर्जनशील' करू नये.

पालकांचा प्रश्न ठरलेला: 'चित्र काढून मार्क मिळाले तर परीक्षेत निबंध कसा लिहील?' सहावीला आकारिक ५० आणि संकलित ५० गुण असतात. हे काम आकारिकमध्ये उपक्रम किंवा स्वाध्याय म्हणून बसतं. शिवाय कारण-चिठ्ठी म्हणजे निबंधातला एक परिच्छेदच की. आणि या वेळी पत्र घेणाऱ्याने पुढच्या पाठाला निबंध घ्यायचा, हा नियम ठेवलाय.

शेवटी अमल झोपतो की जातो, यावर वर्गात भांडण होणारच. रवींद्रनाथांनी ते सांगितलेलं नाही, तर आपण कशाला सांगायचं? एक गोष्ट फक्त शिक्षकांसाठी. १८ जुलै १९४२ ला यानुश कोर्चाक यांनी वॉर्सातल्या ज्यू वस्तीत, नाझींनी कोंडलेल्या आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांकडून हेच नाटक करवून घेतलं. पुढच्याच महिन्यात त्यांना मुलांसह त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेलं. हे मी वर्गाला लिखाण संपेपर्यंत सांगितलं नाही. आधी सांगितलं असतं तर सगळ्या वह्यांत मृत्यूच आला असता, दहीवाला कुणालाच आठवला नसता.

वेळ: वाचनाला तीन तासिका, लिखाणाला दोन. चिठ्ठी वर्गातच लिहून घ्या. घरी दिली की ती ताईच्या अक्षरात येते.