धरणातल्या बोटीला कोणत्या कंपनीची मोटर?

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या देऊळगाव महीच्या भागात बोट म्हटलं की लोकांना आधी रेती आठवते. खडकपूर्णा धरणात चोरून रेती उपसणाऱ्या बोटी महसूल पथकानं जिलेटीन लावून उडवल्याच्या बातम्या इतक्या वेळा छापून आल्यात, की मासेमारीची साधी बोट माझ्या दुकानापुढं उभी राहिली तरी शेजारचा टपरीवाला दबक्या आवाजात विचारतो, "कोणाची हाय?" त्यामुळं पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोटर कोणतीही घ्या, पक्कं बिल आणि मोटरवरचा सिरीयल नंबर टाकलेला कागद मच्छीमार संस्थेच्या दप्तरात ठेवा.

माझा धंदा मूळचा पाणबुडी मोटारी, फवारणी पंप आणि डिझेल इंजिनांचा. बोटीच्या पाठफळीला अडकवायची आउटबोर्ड मोटर या भागात क्वचितच दिसते. आमचे भोई बांधव वल्ह्यावर, नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर, नाहीतर हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकत आलेत. पण खडकपूर्णेचं पाणी मोठं आहे, पलीकडच्या काठाला जाऊन यायलाच अर्धा दिवस मोडतो. तिकडं मेहकरच्या बाजूला पेनटाकळी धरण आहे, मोताळ्याला नळगंगा धरण आहे. संस्थांमध्ये तरुण पोरं आली, फायबरच्या बोटी आल्या, आणि आता दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी येऊन विचारतं, "भाऊ, मोटर कोणत्या कंपनीची घ्यावी?"

याचं उत्तर मी एका नावात देत नाही, आणि त्याला कारण एक मोटर आहे. एका मच्छीमार संस्थेच्या पोरांनी नवी कोरी अठरा फुटी बोट बनवून घेतली आणि तिच्यासाठी किनाऱ्यावरून चाळीस एचपीची वापरलेली टू-स्ट्रोक मोटर आणली. कंपनी नावाजलेली होती. कोकणातला लहान पोरगाही ते नाव सांगेल. भावही बरा लागला होता. मोटर चालू केल्यावर असा आवाज निघाला की काठावरची बगळ्यांची रांग उठून गेली. पोरं खूश. मी मोटरीच्या डोक्याकडं न बघता खाली पायाकडं बघितलं आणि विचारलं, "ही लांब पायाची कशी काय?"

हे समजून घ्या. आउटबोर्डचे पाय साधारण दोन मापांचे येतात: पंधरा इंची आणि वीस इंची. समुद्रातल्या बोटीची पाठफळी उंच असते, लाटांत पंखा पाण्याबाहेर येऊ नये म्हणून तिथं वीस इंची लागते. आपल्या धरणातल्या बोटीची फळी बहुतेक पंधरा इंची. तिला वीस इंची मोटर लावली की पंखा बुडापेक्षा पाच इंच जास्त खोल जातो. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी, एवढंच ते गणित. भर पावसाळ्यात पाच इंचांनी काही बिघडत नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये धरण उतरायला लागलं की बुडालेल्या बाभळींची खोडं, जुन्या बांधांचे दगड, विहिरींचे कठडे वर यायला लागतात, आणि ते पाच इंच बरोबर त्यांच्यावरच जातात.

तसंच झालं. पंखा एका खोडावर आदळला. मोठ्या मोटारीत पंख्याच्या आत रबरी बुश असतो. आदळल्यावर तो सुटतो, म्हणून गिअर वाचतो. हे चांगलंच आहे. फक्त त्यानंतर इंजिन बोंबलतं आणि बोट जागची हलत नाही. पोरं वल्हं मारत, अंधार पडल्यावर काठाला लागली. लहान मोटारीत, चार-पाच एचपीच्या, बुशऐवजी पितळी पिन असते. ती मोडते, आणि खिशात दुसरी पिन असेल तर पाण्यातच बदलून माणूस घरी येतो. मी तेव्हापासून बघतोय, ज्याच्या बोटीत पक्कड आणि दोन जास्तीच्या पिना असतात, त्याची मोटर स्वस्तातली असली तरी तो रात्री पाण्यात अडकून पडत नाही.

खरं नुकसान मात्र खोडानं केलं नाही. ते केलं जाळ्याच्या नायलॉन धाग्यानं. धरणात तुटलेल्या जाळ्यांचे धागे जागोजागी तरंगत असतात. ते पंख्याच्या मागं, शाफ्टवर गुंडाळले जातात आणि दाबून दाबून आतल्या ऑइल सीलमध्ये शिरतात. सील कापलं गेलं की गिअरच्या तेलात पाणी जातं. बाहेरून काहीच कळत नाही, मोटर नेहमीसारखी चालते. खालचा स्क्रू उघडला की तेल ताकासारखं पांढरट निघतं, आणि तोवर बेअरिंग गंजलेली असतात. त्या मोटरीचं तेल मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा ते तसंच निघालं. सील मागवलं मुंबईहून. आलं ते दुसऱ्या सालच्या मॉडेलचं. परत पाठवलं. पुन्हा आलं तोवर गिअरचे दात गेले होते, आणि त्या गिअरची किंमत ऐकून संस्थेचे अध्यक्ष काही बोललेच नाहीत, चहा मागवला. मोसमाचे मधले महिने ती मोटर माझ्या दुकानात लाकडी घोड्यावर टांगलेली होती.

म्हणून कंपनी विचारायच्या आधी हे विचारा: या मोटरीचं ऑइल सील, इंपेलर आणि पिन किती दिवसांत माझ्या गावात येईल? दुकानदाराला समोर फोन करायला लावा. किनाऱ्यावर जी कंपनी नंबर एक, ती तिथं नंबर एक असते ते तिथल्या गल्लीगल्लीत तिचा मिस्त्री आणि सामान असतं म्हणून. समुद्र आपल्यापासून चारशे किलोमीटरवर. इथं तीच कंपनी आली की ती फक्त एक चांगली मोटर असते, जिचं सामान कुरियरनं येतं. मी तर म्हणतो, मोटर घेतानाच दोन इंपेलर, एक सीलचा संच, प्लग, पिना आणि एक जास्तीचा पंखा त्याच बिलात लावून घ्या. नंतर तितकी घासाघीस करता येत नाही.

इंपेलर म्हणजे खालच्या पायातला रबरी पंप, धरणाचं पाणी वर चढवून इंजिन थंड करणारा. मोटर चालू असताना मागून एक बारीक धार पडते, ती हाताला लागली पाहिजे. धार बंद झाली की ताबडतोब मोटर बंद. आपल्याकडचं गढूळ पाणी आणि काठचा गाळ या रबराला लवकर खातो, म्हणून वर्षाला एकदा तो बदलायचाच. आणि बाहेर काढून, पाण्याशिवाय, "एकदा चालू करून दाखव" असा हट्ट कोणी धरला तर त्याला दोनशे लिटरचा ड्रम भरून द्या. कोरड्यावर अर्ध्या मिनिटात रबर जळतं.

आता एचपीचं. चाळीसचा मोह सोडा. सोळा-अठरा फुटी बोट पाणी कापत चालते तेव्हा तिचा स्वाभाविक वेग ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या आसपास थांबतो. त्याच्यावर जायचं तर बोट पाण्यावर उचलून घसरत चालवावी लागते, आणि जाळी, बर्फाची पेटी, तीन माणसं आणि कटला-रोहूचा माल भरलेली बोट उचलायला शक्ती कितीतरी पट लागते. चाळीसची टू-स्ट्रोक पूर्ण जोरात तासाला पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. आठ-दहा एचपीची फोर-स्ट्रोक साडेतीन-चार लिटरमध्ये भागवते. धरणात तुम्हाला कोणाला हरवायचंय? शिवाय मोठी मोटर सत्तर किलोच्या पुढं जाते. लहान मोटर चाळीस किलोच्या आसपास असते, ती संध्याकाळी काढून घरी नेता येते. काठावर ठेवलेली मोटर सकाळी तिथंच असेल याची खात्री मी तरी देणार नाही.

कंपनीच्या नावाविषयी थोडं सांगतो, कारण लोकांचा त्यावर फार जीव. यामाहा 1960 पासून आउटबोर्ड बनवते. तिच्या जाडजूड टू-स्ट्रोक मोटारी मच्छीमारांसाठीच म्हणून जगभर चालतात, उघडायला सोप्या, मिस्त्रीच्या हातच्या. होंडानं 1964 पासून फोर-स्ट्रोकच बनवली. पेट्रोल कमी, धूर कमी, पण आत भाग जास्त. सुझुकी आहे, मर्क्युरी आहे, तोहात्सू आहे. आणि गंमत अशी की मर्क्युरीच्या लहान मोटारींपैकी पुष्कळशा कित्येक वर्षं जपानमधल्या तोहात्सूच्या कारखान्यातच बनल्या. म्हणजे दोघांच्या कव्हरचा रंग वेगळा, खाली पाय एकच. तेव्हा एकाचं सामान मिळत नसेल तर दुसऱ्याचा पार्ट नंबर विचारून बघा, मी असं काम दोनदा भागवलंय.

नावाच्या मोठेपणावर किती जायचं, याला एव्हिनरूडचं उदाहरण आहे. 1909 मध्ये ओले एव्हिनरूड या माणसानं अमेरिकेत आउटबोर्डचा धंदा उभा केला. त्याच्याइतकं जुनं आणि गाजलेलं नाव या धंद्यात नाही. त्या नावाची मालक कंपनी 2000 च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, नवे मालक आले, आणि 2020 मध्ये त्यांनी आउटबोर्ड बनवणंच बंद केलं. जुन्या मोटारी काही लगेच थांबल्या नाहीत. पण असं नाव कोणी इकडं जुन्या बाजारातून स्वस्तात घेऊन आलं, तर त्याला मी आधी सामानाचं विचारतो, मग आवाजाचं.

रॉकेलवर चालणाऱ्या मोटारींची जाहिरात कोणी दाखवली तर हात जोडा. केरळच्या किनाऱ्यावर त्यांना काम आहे, पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर घेतात. आपल्या रेशन दुकानातलं रॉकेल केव्हाच आटलं.

पेट्रोलचं मात्र गांभीर्यानं घ्या, कारण हे नवं दुखणं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतचीच मुभा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्ध्या भरलेल्या प्लास्टिक कॅनमध्ये पावसाळाभर पेट्रोल ठेवलं तर खाली पाण्याचा थर बसतो, कार्बोरेटरमध्ये चिकट साका धरतो, रबरी नळ्या फुगतात. माझ्याकडं येणाऱ्या "चालूच होत नाही"च्या मोटारींत निम्म्यांना काहीच झालेलं नसतं, फक्त कार्बोरेटर धुवावं लागतं. विकत घेताना विचारा, तुमच्या मोटरीच्या पुस्तिकेत इथेनॉलबद्दल काय छापलंय, आणि ते पान उघडून दाखवायला लावा. त्याशिवाय पाणी वेगळं काढणारा फिल्टर लावा, रोजचं पेट्रोल रोज घ्या, आणि मोसम संपताना पेट्रोलची नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

ज्याची बोट लहान, एकट्याची, त्याला मी आउटबोर्डच घ्यायला सांगत नाही. पाणी उपसायचं छोटं पेट्रोल इंजिन आणि त्याला लांब दांडीचा पंखा, असली जोडणी ओडिशाच्या चिलिका सरोवरावर नेहमीची आहे. पंखा हातानं वर उचलता येतो, खोड आलं की दांडी वर. इंजिन हवेवर थंड होतं, म्हणजे इंपेलरचा प्रश्नच नाही, आणि आतला कार्बोरेटर कोणताही फवारणी पंपवाला उघडतो. दोष आहेत: आवाज फार, उघडा पंखा धोक्याचा, वळवायला जड. पण मार्चमधल्या खडकपूर्णेला माझ्या मते हीच योग्य. पिण्याच्या पाण्याच्या धरणावर मात्र, जसं बुलढाणा शहराला पाणी देणारं येळगाव, टू-स्ट्रोक नेऊ नका. तिच्या धुरातून न जळलेलं तेल थेट पाण्यात जातं.

अनुदान घ्यायचं असेल तर खरेदीच्या आधी बुलढाण्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या लाभार्थ्याला 60 टक्के मदत आहे. पण तुमच्या धरणाला, तुमच्या बोटीला आणि त्या मोटरीला ती लागू होते का, हे तिथूनच लिहून घ्या. मोटर आधी घेऊन मग बिल दाखवणारे माझ्या ओळखीचे आहेत, आणि ते आता हप्ते भरतायत.

चाळीसची ती मोटर संस्थेनं अखेर किनाऱ्याकडं परत विकली, तोट्यात. त्या जागी दहाच्या आतली, पंधरा इंची पायाची फोर-स्ट्रोक आली, जिच्या सामानाचा संच मोटरीसोबतच खोक्यात होता. कोणत्या कंपनीची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढचा माणूस तीच घ्यायला धावेल आणि आपल्या फळीची उंची मोजायला विसरेल. पहिले दहा तास पोरांनी पूर्ण जोर दिला नाही, त्यानंतर गिअरचं तेल बदललं, ते स्वच्छ निघालं. माणूस पाण्यात पडला तर मोटर बंद करणारी लाल दोरी अजून कोणी मनगटाला बांधत नाही. परवा मी अध्यक्षांना सांगितलं, दोरी बांधलेली नसेल त्या दिवशी बोट काठावरूनच हलू देऊ नका, आणि लाइफ जॅकेट पोतं म्हणून डोक्याखाली घेऊन झोपायला नाही आणलेलं.